इमर्जन्सीनंतरची चिठ्ठी : दम्याचे शिक्षण रुग्णापर्यंत पोहोचावे कसे?



स्मरणिकेत आरोग्यावर एक लेख असावा असे समितीने सुचवले, तेव्हा आमच्यापैकी काहींना मधुमेहावर लिहावेसे वाटत होते, काहींना पाठदुखीवर. शेवटी दमा ठरला, आणि तो का ठरला हे सांगायचे तर आधी रास अल खोरला जावे लागेल.

रास अल खोर म्हणजे खाडीचे टोक. आपल्याकडे भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना तिथे फ्लेमिंगो दाखवायला नेतो. ठाण्याच्या खाडीत दिसतात तेच पक्षी, फक्त इथे पाठीमागे बुर्ज खलिफा! ही पाणथळ जागा २००७ साली रामसर यादीत गेली, अमिरातीतली पहिलीच. पण रस्त्याच्या पलीकडे जे रास अल खोर आहे तिकडे पाहुण्यांना कोणी नेत नाही. गोदामे, जुन्या मोटारींचा बाजार, आणि गल्ल्या भरून डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजेस. आपले बरेच मराठी बांधव तिथे काम करतात. सांगली-साताऱ्याचे आहेत, कोकणातले आहेत, मराठवाड्यातलेही आहेत. गणपतीत मंडप बांधायला आणि रात्री दोनला भांडी घासायला हीच मंडळी असतात.

त्यांच्यातलेच एक आमचे पेंटर. नाव देत नाही, सगळे त्यांना पेंटरच म्हणतात. सांगली जिल्ह्यातले, वय चाळीसच्या आतले, बाहेर मोटारींना रंग मारणारे आणि मंडळात मखर रंगवणारे. एका वर्षी मखर रंगवताना ते मधेच बाहेर जाऊन कठड्याला धरून उभे राहत होते. खोकला, छातीत घरघर, दोन शब्द बोलायचे तर मधे श्वास. आम्ही काय केले? आल्याचा काढा करून दिला. कोणी ओवा दिला, कोणी म्हणाले एसीचा त्रास आहे, कोणी प्राणायामाची शिफारस केली. दम्याचा संशय आला नाही असे नाही, पण "दमा" हा शब्द तोंडावर उच्चारणे आम्हाला बरे वाटले नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्यात चार महिन्यांत ते तीन वेळा इमर्जन्सीत गेले. पहिल्या दोन्ही वेळा रात्री. वाफ दिली, इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला, पहाटे घरी पाठवले. तिसऱ्या वेळी रूमवरच्या मुलांनी ९९८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, आणि या खेपेस नळी घालून अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. वहिनींचा गावाहून फोन आला तेव्हा आम्हाला कळले. "भाऊ, ह्यांना जरा समजावून सांगा ओ, माझं ऐकत न्हाईत," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

पेंटर वाचले. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी उशीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तीत पासपोर्टची झेरॉक्स, विम्याचे कार्ड आणि घडी घातलेले दोन कागद होते. दोन्हींवर इंग्रजीत एकच ओळ: छातीच्या डॉक्टरांकडे एका आठवड्यात फॉलो-अप. आम्ही विचारले, मग गेला का नाहीत? ते म्हणाले, "गेलो की! त्रास झाला तसा परत गेलोच न्हवं."

फॉलो-अप म्हणजे पुन्हा त्रास झाला तर या, असा त्यांनी अर्थ घेतला होता. आणि अगदी इमानेइतबारे ते दोन्ही वेळा परत गेले होते!

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. त्या रात्रीच्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. इमर्जन्सीचे काम जीव वाचवणे, आणि त्यांनी तो तीनदा वाचवला. रात्री तीन वाजता रुग्ण दमलेला, वाफेतल्या औषधाने हात थरथरतायत, छाती धडधडतेय, शेजारच्या खाटेवर अपघातातला माणूस. त्या वेळी कोणी कितीही छान शिकवले तरी सकाळपर्यंत त्यातले फारच थोडे उरते. म्हणूनच "उद्या-परवा या, सावकाश शिकवू" अशी सोय लागते, आणि ती नुसती कागदावर असून भागत नाही.

आता थोडा दम्याचा धडा. जाणकारांनी हा परिच्छेद ओलांडून गेले तरी चालेल.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. त्या सुजेवर धूळ, धूर, थंड हवा, सर्दी असे काही आले की भोवतालचे स्नायू आवळतात आणि श्वास अडतो. निळा पंप, म्हणजे साल्बुटामॉल, हा आवळलेला स्नायू सैल करतो. पाच-दहा मिनिटांत बरे वाटते, पण सूज आहे तिथेच असते. सूज उतरवते ते श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड. त्याचा परिणाम दिसायला दिवस-आठवडे लागतात, म्हणून रुग्णाचा त्यावर विश्वास बसत नाही. "हा पंप काही कामाचा नाही" म्हणून तो कोपऱ्यात जातो आणि निळा खिशात. जगभरच्या दमातज्ज्ञांच्या 'जीना' या संस्थेने २०१९ पासून सांगितले आहे की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सूज उतरवणारे औषध सोबत हवेच. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील तर झटक्याचा धोका वाढलेला समजावा. बारा संपत असतील, म्हणजे महिन्याला एक, तर जिवाचा. पेंटरांच्या ट्रंकेत आम्ही रिकामे पंप मोजले. आकडा सांगत नाही, पण आमच्यातल्या डॉक्टर ताई खाली बसल्या.

इमर्जन्सीतून सुटका झाली म्हणजे झटका संपला असेही नाही. सूज काही दिवस राहते, म्हणून मोठ्यांना साधारण पाच ते सात दिवस पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या गोळ्या दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून बंद करणारे आपल्यात कितीतरी! तज्ज्ञांचा सल्ला असा की इमर्जन्सीनंतर दोन ते सात दिवसांत, आणि मुलांना एक-दोन दिवसांतच, डॉक्टरांनी पुन्हा पाहावे. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची बारकाईने तपासणी झाली, तिचा अहवाल २०१४ साली आला. त्यांतले साधारण दहा टक्के लोक रुग्णालयातून घरी गेल्यावर २८ दिवसांच्या आत गेले. आणि त्रास वाढला तर काय करायचे याची लिहिलेली योजना हातात असलेले होते फक्त २३ टक्के. तेही घराजवळ मोफत डॉक्टर असलेल्या देशात. भारताचे चित्र याहून बिकट आहे. २०१९ च्या जागतिक आजारभाराच्या अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात. "पंप लागला की सुटत नाही", "पंप म्हणजे शेवटचा उपाय" हे समज आपण विमानातून इकडेही घेऊन आलो आहोत.

मग शिकवल्याने खरेच फरक पडतो का? देणगीदारांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण पैसा त्यांचा आहे. याचे उत्तर सरसकट "हो" असे देता येत नाही.

इमर्जन्सीत आलेल्या मोठ्या माणसांना नंतर दमा-शिक्षण दिले तर काय होते, याच्या बारा चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २००७ साली काढला. रुग्णालयात भरती व्हायचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, मात्र इमर्जन्सीच्या फेऱ्या नक्की कमी झाल्या असे दाखवता आले नाही. मुलांवरच्या ३८ चाचण्यांचा आढावा २००९ साली आला, त्यात इमर्जन्सीच्या फेऱ्यासुद्धा सुमारे पाव हिश्श्याने कमी झालेल्या दिसल्या. म्हणजे शिक्षणाला अर्थ आहे. पण रुग्ण त्या वर्गापर्यंत पोहोचला तर!

पोहोचण्यावरचा एक अमेरिकन अभ्यास आम्हाला फार उपयोगी पडला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. दम्याच्या झटक्यानंतर इमर्जन्सीतून घरी जाणाऱ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला नेहमीसारखे "डॉक्टरांना भेटा" सांगितले. दुसऱ्याला मोफत गोळ्या, जाण्यायेण्याची सोय आणि आठवण करून देणारा निरोप. तिसऱ्याला गोळ्या आणि जाण्यायेण्याची सोय तशीच, शिवाय डॉक्टरांची वेळ आधीच ठरवून दिली. डॉक्टरांकडे प्रत्यक्ष पोहोचले पहिल्या गटातले ४२ टक्के, दुसऱ्यातले ४८ आणि तिसऱ्यातले ६५. दिवस आणि तास ठरलेला असणे याची किंमत एवढी! मात्र वर्षभरानंतर पाहिले तेव्हा तिन्ही गटांच्या इमर्जन्सीच्या फेऱ्यांत फरक उरला नव्हता. एकदा डॉक्टरांकडे नेऊन सोडणे पुरत नाही, तिथे काय होते आणि पुढे काय होते यालाही महत्त्व आहे, असे आम्ही यातून घेतले.

आता हे रास अल खोरच्या माणसाला लावून पाहू.

दुबईत २०१३ च्या कायद्याने आरोग्यविमा सक्तीचा झाला आणि टप्प्याटप्प्याने तो कामगारांपर्यंत आला. ही फार मोठी गोष्ट आहे, आमच्यातल्या जुन्या लोकांना त्याआधीचे दिवस आठवतात. पण मूलभूत पॉलिसीत थेट छातीच्या डॉक्टरांकडे जाता येत नाही. आधी नेटवर्कमधल्या साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटायचे, त्यांनी चिठ्ठी दिली की पुढे. इमर्जन्सीच्या कागदावर "छातीचे डॉक्टर" लिहिले असले तरी मधली ही पायरी पेंटरांना कोणी सांगितली नव्हती, आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकीही निम्म्यांना ठाऊक नव्हती. ठाऊक नसलेला माणूस थेट मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर जातो, तिथे "विमा चालणार नाही" ऐकतो आणि परत फिरतो. मग पुन्हा जात नाही. त्यात प्रत्येक खेपेला खिशातून थोडा हिस्सा भरावा लागतो, अर्धा दिवस कामाचा जातो, बस बदलावी लागते. मेट्रोची निळी मार्गिका रास अल खोरला येणार आहे, पण जाहीर झालेला मुहूर्त २०२९ चा!

दुसरी अडचण भीतीची. "दमा आहे कळले तर व्हिसा जाईल." हे आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की इथे ठळकपणे सांगतो: व्हिसाच्या तपासणीतला छातीचा एक्स-रे असतो तो मुख्यतः टीबीसाठी. दम्यासाठी तपासणी नसते. तरी भीती जात नाही, कारण खरी भीती व्हिसाची नसून फोरमनची असते, आणि तिला आमच्याकडे सोपे उत्तर नाही.

तिसरी गोष्ट पेंटरांच्या कामाची, आणि ही आम्हाला सर्वांत उशिरा कळली. ते सुट्टीवर दोन महिने गावी गेले तेव्हा पंपाला हात लावावा लागला नव्हता. सगळे म्हणाले, गावची हवा! परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू. मोटारींच्या टू-पॅक रंगात जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांच्यामुळे दमा जडू शकतो हे वैद्यकशास्त्राला कित्येक दशके माहीत आहे. एकदा शरीराला त्यांचे वावडे झाले की अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो, आणि तो बरेचदा कामावर न येता काही तासांनी, रात्री रूमवर येतो. म्हणून रुग्ण उशीला, एसीला, शेजाऱ्याच्या अगरबत्तीला दोष देतो. तोंडाला बांधलेला कागदी मास्क धूळ अडवेल, ही वाफ अडवत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि ज्याला एकदा दमा जडला त्याने त्या कामातून लवकर बाजूला होणे चांगले. "सुट्टीत बरे वाटते का?" हा एक प्रश्न तीन इमर्जन्सींमध्ये कोणी विचारला नव्हता. काढा देताना आम्हीही विचारला नव्हता.

पेंटरांना शेवटी नीट शिकवले ते एका दवाखान्यातल्या मल्याळी सिस्टरने, हिंदीतून, चाळीस मिनिटे बसून. पंप हलवला का? आधी श्वास पूर्ण सोडला का? ओठ घट्ट मिटले का? दाबताना सावकाश ओढला का? मग दहा सेकंद धरून ठेवा. ते म्हणत, "येतंय मला." ती म्हणे, "करके दिखाओ." करून दाखवले तेव्हा औषध जिभेवरच बसत होते! शिकवून झाल्यावर पुन्हा करून दाखवायला लावले, आणि पंधरा दिवसांनी परत. नुसते ऐकून "हो हो" म्हणणाऱ्यांत आपण मराठी माणसे काही मागे नाही, म्हणून हे करून दाखवणे फार महत्त्वाचे. बहुतेक रुग्ण पंप चुकीचा वापरतात असे जगभरच्या पाहण्या सांगतात. आमच्याच वर्गात एक काका गावाहून आणलेल्या रोटाकॅप्स यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळत होते. दोष काकांचा नाही, कॅप्सूल दिसते तशी ती गिळायचीच वाटते.

पेंटरांच्या प्रकरणानंतर मंडळाच्या आरोग्य गटाने एक काम अंगावर घेतले. आपण मंडळ आहोत, दवाखाना नाही. तेव्हा औषध सांगणे, पंप वाटणे यात आपण पडत नाही, शिकवण्याचे काम परवानाधारक डॉक्टर आणि नर्सेसच त्यांच्या दवाखान्यात करतात. आपण करतो ते मधले, चिठ्ठी आणि वर्ग यांच्यामधले. कोणी इमर्जन्सीतून आला असे रूमवरून कळले की दोन दिवसांत मराठीत फोन जातो. कागदाचा फोटो मागवून त्यावर काय लिहिले आहे ते समजावतो. विम्याच्या कार्डावरून जवळचा दवाखाना शोधून संध्याकाळची वेळ ठरवतो, "जमलं तर जा" असे म्हणत नाही, "मंगळवारी साडेआठला, खाली गाडी येईल" असे म्हणतो. आणि गाडी खरेच जाते. डॉक्टरांना सांगायचे मुद्दे, म्हणजे काम काय करतो, वर्षात किती पंप संपले, रात्री उठावे लागते का, सुट्टीत कसे वाटते, हे एका कार्डावर आधीच लिहून देतो. कार्डाच्या मागे हिरवा, पिवळा, लाल अशी तीन रंगांची जागा मोकळी असते, ती डॉक्टरांनी भरायची. पंधरा दिवसांनी दुसरा फोन.

सगळे जमले असे नाही. पहिल्या काही महिन्यांत आम्ही दुपारी फोन करत होतो, कोणी उचलत नव्हते, कारण कामावर फोन कपाटात. रात्री नऊनंतर करायला लागलो तेव्हा बोलणी होऊ लागली. एक जण तीनदा वेळ घेऊन आला नाही, चौथ्यांदा त्याचा रूममेट त्याला घेऊन आला. एक जण अजून येत नाही. आकडेवारी म्हणावी इतकी माणसे आमच्याकडे नाहीत, आणि असती तरी फोनमुळे बरे वाटले की औषधामुळे हे आम्हाला सांगता आले नसते.

घरच्यांचाही एक शब्द. हे फक्त गॅरेजवाल्यांचे दुखणे नाही. बर दुबई-करामाच्या बंद फ्लॅटमध्ये संध्याकाळी धूप घालणाऱ्या आजींना नातवाचा खोकला आणि धूप यांचा संबंध पटवणे हे आमचे सर्वांत अवघड काम! शमाल वाऱ्याने धूळ उठली की मुलांना बाहेर खेळायला सोडू नये, आणि शाळेतल्या नर्सकडे पंप आणि योजना दोन्ही असावीत, एवढे तरी पालकांनी पाहावे.

पेंटर आता त्याच गॅरेजच्या स्टोअरमध्ये सुटे भाग देतात. छातीच्या डॉक्टरांच्या पत्रानंतर मालकाने बदली केली, ही त्यांची भलाई. ओव्हरटाइम मात्र गेला, आणि गावाकडच्या घराचा वरचा मजला अजून तसाच आहे. वहिनींना विचारले तर म्हणाल्या, "मजला ऱ्हाऊ दे, माणूस झोपतंय रात्रीचं." गेल्या गणपतीत मखर त्यांनीच केले, कापड आणि कागदाचे, स्प्रेचा डबा न उघडता.

या वर्षीच्या निधीतला आरोग्य गटाचा वाटा स्पेसर, पीक-फ्लो मीटर, टॅक्सीभाडे आणि मराठी-हिंदी सचित्र कार्डांच्या छपाईसाठी आहे. इथल्या कायद्याप्रमाणे देणगी परवानाधारक संस्थेमार्फतच स्वीकारली जाते, तेव्हा कृपया कोणाच्या हाती रोख देऊ नये, पावती घ्यावी. पैशाइतकीच गरज गाडी असलेल्या माणसांची आहे. मंगळवार आणि गुरुवार, रात्री आठ ते दहा, रास अल खोरहून दवाखाना आणि परत. सध्या तिघेच आहेत, त्यांतले एक मे महिन्यात दोन महिन्यांसाठी पुण्याला जाणार आहेत. कार्डे मंडळाच्या कपाटात, ढोल ठेवतो त्याच्या वरच्या खणात आहेत. लागतील तेवढी न्यावीत.